‘जोगलू’ नावाचा प्रोग्रॅम आणि इतर हरवलेल्या गोष्टी

या खेपेला आलेल्या पत्रांत संगणकाविषयीची सहा पत्रे एकाच दुखण्याची निघाली : प्रोग्रॅम संगणकात आहे याची खात्री आहे, किंवा तो असायला हवा होता, पण तो उघडायचा कोठून हे कळत नाही. पत्रांतील मजकूर आटोपशीर करून आणि पत्रलेखकांची नावे गाळून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका देवस्थान समितीचा खजिनदार आहे. समितीच्या सूचना आणि पावत्या मी संगणकावर मराठीतच करतो. जत्रेच्या सूचनेवर घालायचे देवळाचे छायाचित्र कापून लहान करण्यासाठी ‘पेंट’ उघडावे म्हणून विंडोजची कळ दाबून त्याचे इंग्रजी नाव टाइप केले, तर पट्टीत ‘जोगलू’ असा शब्द उमटला आणि पेंट काही सापडले नाही. पुतण्या म्हणतो, व्हायरस असावा. असे दोनदा झाले. काय करावे?

उत्तर : व्हायरस नाही, पुतण्याला तसे अवश्य सांगावे. आपण बोटांनी इंग्रजी अक्षरे दाबलीत, पण कळफलक त्या वेळी मराठीवर होता. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात पीच्या कळीवर ‘ज’, एच्या कळीवर ओकार, आयच्या कळीवर ‘ग’, एनच्या कळीवर ‘ल’ आणि टीच्या कळीवर दीर्घ उकार असतो. ही पाच अक्षरे ओळीने दाबून पाहा, ‘जोगलू’च मिळेल. गणकयंत्रासाठी इंग्रजीतील ‘कॅल्क’ची चार अक्षरे दाबली, तर ‘मोतम’ असा आणखी एक भारदस्त शब्द तयार होतो. सूचनेचा मजकूर संपवून आपण लगेच शोधपट्टीकडे वळलात आणि कळफलक मात्र सूचनेच्याच भाषेत राहिला, इतकेच घडले आहे.

शोधपट्टी प्रोग्रॅमचे काम ओळखत नाही, नाव ओळखते. प्रोग्रॅम बसवताना त्याच्या निर्मात्याने जे नाव नोंदवले असेल, त्याच्याशी आपण टाइप केलेली अक्षरे ती ताडून पाहते. पेंटची नोंद रोमन अक्षरांत आहे, म्हणून ‘जोगलू’ला उत्तर मिळत नाही. नाव टाइप करण्यापूर्वी घड्याळाशेजारचे भाषेचे चिन्ह पाहावे आणि ते मराठी दाखवत असेल, तर विंडोजची कळ दाबून धरून स्पेसची कळ एकदा दाबावी. शोधपट्टी उघडी असतानाही हे करता येते. चुकीचा शब्द पुसून पुन्हा टाइप केले की पेंट समोर येईल.

परंतु दिवसभर मराठीत काम करणाऱ्या माणसाने प्रत्येक वेळी भाषा बदलत बसावे, हे मला पटत नाही. एकदा पेंट सापडले की त्याच्या नावावर उजवे बटण दाबून ‘पिन टू टास्कबार’ निवडावे, म्हणजे ते खालच्या पट्टीवर कायमचे बसेल. तेथे ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये डावीकडून मोजून ते तिसरे असेल, तर विंडोजची कळ आणि ३ हा आकडा एकत्र दाबल्यावर पेंट उघडते, मग कळफलक मराठी असो वा इंग्रजी.

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. जुना संगणक पावसाळ्यात विजेच्या लपंडावाने गेला, म्हणून भाच्याने विंडोज ११ असलेला नवा आणून दिला. मी वीस वर्षे मुलांसाठीच्या गोष्टी आणि पाठ ‘वर्डपॅड’मध्ये लिहीत आले. नव्या संगणकात वर्डपॅड कोठेच नाही. स्टार्टचे बटणही कोपऱ्यातून मधे आले आहे. पेन ड्राइव्हवर जुन्या फायली आहेत, त्या उघडल्या तर महिरपी कंस आणि तिरक्या रेघा दिसतात. माझे लेखन गेले का?

उत्तर : आपले लेखन सुखरूप आहे. वर्डपॅडचे मात्र आपल्याला बरोबर दिसले : ते खरोखरच नाही. इतर पाचही पत्रांतील प्रोग्रॅम संगणकात कोठे ना कोठे आहेत. आपलाच तेवढा अपवाद. विंडोज ९५ बरोबर १९९५ मध्ये आलेले वर्डपॅड मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ या आवृत्तीपासून काढून टाकले. ते शोधण्यात यापुढे वेळ घालवू नये, आणि कोणी एखाद्या अनोळखी ठिकाणाहून ‘वर्डपॅड’ उतरवून देतो म्हणाला, तरी घेऊ नये.

आपल्या फायली आरटीएफ प्रकारच्या आहेत. त्या ‘नोटपॅड’मध्ये उघडल्या गेल्या असाव्यात. नोटपॅड आरटीएफमधील अक्षरांची मांडणी समजून घेत नाही. ठळक, तिरपे, मधोमध अशा सूचना फायलीत ज्या चिन्हांनी लिहिलेल्या असतात, ती चिन्हेच ते जशीच्या तशी दाखवते. अशी फाइल नोटपॅडमध्ये दिसली, तर काहीही न बदलता आणि ‘सेव्ह’ न करता बंद करावी. वर्ड असेल तर वर्डमध्ये, नसेल तर लिबरऑफिस या विनामूल्य प्रोग्रॅमच्या ‘रायटर’ या भागात त्या नीट उघडतात. भाच्याला लिबरऑफिस बसवून देण्यास सांगावे. त्यानंतर फायलीवर उजवे बटण दाबून ‘ओपन विथ’मध्ये रायटर निवडावे आणि ‘ऑलवेज’ असे लिहिलेले बटण दाबावे, म्हणजे पुढे प्रत्येक आरटीएफ फाइल त्यातच उघडेल. खरे तर रोजच्या कामात प्रोग्रॅम शोधण्याची गरजच क्वचित पडते. फाइल उघडली की प्रोग्रॅम तिच्यामागून येतो.

रायटर थेट उघडायचे असेल तर स्टार्टमध्ये सर्व प्रोग्रॅमची यादी पाहावी. विंडोज ११ मधीलच जुन्या रचनेत ती ‘ऑल’ किंवा ‘ऑल ॲप्स’ या बटणामागे असते, नव्या रचनेत त्याच चौकटीत खाली सरकवल्यावर दिसते. यादी वर्णानुक्रमे असली आणि आपल्याला नावाचे पहिले अक्षर ठाऊक असले, तर शंभर नावांवरून खाली सरकत जाऊ नये : यादीतील कोणत्याही एका शीर्षक-अक्षरावर टिचकी मारली की सर्व अक्षरांचा तक्ता उघडतो आणि त्यातील एल दाबले की आपण थेट तेथे पोहोचतो. लिबरऑफिसच्या फोल्डरमध्ये रायटर असते. बाहेर ‘आर’ किंवा ‘डब्ल्यू’खाली शोधणारे पुष्कळजण हात हलवत परततात.

स्टार्टचे बटण कोपऱ्यात परत आणण्यासाठी सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात ‘टास्कबार बिहेव्हिअर्स’ येथे जाऊन ‘अलाइनमेंट’ डावीकडे करावी. सवयीच्या जागी बटण असणे ही काही मागासलेपणाची खूण नव्हे. २०१२ च्या विंडोज ८ मधून तर ते बटणच काढले होते, आणि लोकांच्या कुरकुरीनंतर पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत ठेवावे लागले.

प्रश्न : आमचा डिचोलीत महिलांचा स्वयंसाहाय्य गट आहे. मसाले, लोणची आणि चवथीचा फराळ यांच्या विक्रीचा हिशेब आम्ही एका हिशेबाच्या प्रोग्रॅमवर ठेवतो. तो उघडायचा म्हणजे ‘डाउनलोड्स’मध्ये जाऊन त्याच्या फायलीवर दोनदा टिचकी मारायची, मग ‘नेक्स्ट’ पाच वेळा दाबायचे आणि पाच-सात मिनिटे थांबायचे. संगणक वेगवान करण्यासाठी रॅम वाढवावी का? शिवाय माझ्या खात्यातून तो निदान असा तरी उघडतो, अध्यक्षांच्या खात्यात तर तो दिसतच नाही.

उत्तर : रॅमवर एक पैसाही खर्च करू नये. आपण प्रोग्रॅम उघडत नाही, दररोज नव्याने बसवता आहात.

हे वाचून संकोच वाटण्याचे कारण नाही. म्हापशाला एका स्नेह्याच्या दुकानी हाच प्रकार मी स्वतः पाहिला आहे. सकाळी दुकान उघडले, देवाला उदबत्ती लावली, की तो बसवणीची फाइल चालू करून चहा सांगायचा. चहा पिऊन होईपर्यंत हिशेब उघडलेला असे. त्याच्या शेजारी बसून मी सगळे पडदे पाहिले, तेव्हा गैरसमजाचे मूळ सापडले : शेवटच्या पडद्यावर ‘फिनिश’च्या बटणाजवळ ‘लाँच’ असे लिहिलेला एक चौकोन होता आणि त्यात आधीच बरोबरची खूण होती. त्यामुळे बसवणी संपताच प्रोग्रॅम आपोआप उघडे. पहिल्या दिवशी तसा उघडला, म्हणून उघडण्याची रीत हीच, असे त्याने धरून चालणे अगदी स्वाभाविक होते. आपल्याकडेही तेच झाले असणार.

डाउनलोड्समधील फाइल म्हणजे सामान घेऊन आलेला टेंपो. तो एकदा घरी सामान उतरवतो : प्रोग्रॅमच्या फायली बहुधा सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवतो, स्टार्टच्या यादीत त्याची एक पाटी लावतो आणि बसवलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत नोंद करतो. त्यानंतर त्याचे काम उरत नाही. तो पुन्हा पुन्हा चालवण्यात केवळ वेळ जातो असेही नाही. काही बसवण्या दुसऱ्या वेळी ‘रिपेअर’ आणि ‘रिमूव्ह’ असे पर्याय पुढे करतात, आणि घाईत ‘रिमूव्ह’ दाबले गेले तर प्रोग्रॅम निघून जाईल. आजच आपल्या हिशेबाच्या फायलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.

आता सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आणि त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडून प्रोग्रॅमचे नेमके नाव काय नोंदले आहे ते कागदावर लिहून घ्यावे. या पायरीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. आपण ज्याला ‘हिशेब’ म्हणतो, त्याचे नोंदलेले नाव कंपनीच्या नावाने सुरू होत असेल, तर ‘अकाउंट’ टाइप करून तो मिळेलच असे नाही. नाव हाती आले की विंडोजची कळ दाबून त्याची पहिली तीन-चार अक्षरे टाइप करावीत. सापडल्यावर त्यावर उजवे बटण दाबून खालच्या पट्टीवर बसवून टाकावा.

नाव यादीत आहे आणि तरीही स्टार्टमध्ये पाटी नाही, असे क्वचित होते. तेव्हा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ किंवा तिच्याच शेजारच्या, नावापुढे कंसात एक्स८६ असलेल्या फोल्डरमध्ये त्या नावाचे फोल्डर शोधावे. आत बऱ्याच फायली दिसतील. ‘टाइप’ या रकान्यात ज्यांच्यापुढे ‘ॲप्लिकेशन’ लिहिलेले असेल, त्यांतील एक आपली. नावाची सुरुवात इंग्रजी ‘अनइन्स’ने होत असेल त्या फायलीला हात लावू नये, ती प्रोग्रॅम काढून टाकणारी असते. योग्य फायलीवर उजवे बटण दाबून, विंडोज ११ असेल तर ‘शो मोअर ऑप्शन्स’मधून, ‘सेंड टू’ आणि मग ‘डेस्कटॉप’ निवडले की शॉर्टकट तयार होतो. मूळ फाइल उचलून डेस्कटॉपवर आणू नये. आपल्या सोबतच्या फायलींपासून दूर गेली की ती बहुधा चालत नाही.

अध्यक्षांच्या खात्याचे कारण वेगळे आहे. काही प्रोग्रॅम बसवताना ‘सर्वांसाठी’ की ‘फक्त माझ्यासाठी’ असे विचारतात, काही न विचारताच दुसरा मार्ग धरतात. अशा वेळी फायली आणि पाटी दोन्ही आपल्या खात्याच्याच जागेत जातात आणि दुसऱ्या खात्याला त्यांचा पत्ता लागत नाही. एकदा प्रोग्रॅम नीट काढून, ‘सर्वांसाठी’ हा पर्याय निवडून पुन्हा बसवावा, अर्थात हिशेबाची प्रत हाती आल्यानंतरच. टेंपोची ती एक फेरी मात्र आवश्यक आहे.

प्रश्न : पेडण्यातील एका हायस्कूलमध्ये मी चित्रकला शिकवतो. शाळेच्या संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. मी ‘क्रिटा’ हा चित्रकलेचा प्रोग्रॅम त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवला. दोनदा टिचकी मारली तर काहीच होत नाही आणि प्रोग्रॅमच्या यादीतही तो आला नाही. बसवायचे राहिले का?

उत्तर : बसवायचे राहिलेले नाही, कारण ही फाइल बसवायची नसतेच. आपण ‘ॲपइमेज’ प्रकारची फाइल उतरवली आहे. तिच्यात संपूर्ण प्रोग्रॅम एकाच गाठोड्यात असतो, आणि ती स्वतःहून कोठेही नोंद करत नाही, म्हणून यादीत येत नाही. टिचकीला दाद न देण्याची दोन कारणे संभवतात. उतरवलेली फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवण्याची परवानगी लिनक्स आपणहून देत नाही. फायलीवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ती प्रोग्रॅम म्हणून चालवू देण्याचा पर्याय चालू करावा. तरीही काही झाले नाही, तर ‘लिबफ्यूज२’ हे साहाय्यक पॅकेज नसावे. अनेक ॲपइमेज फायलींना ते लागते आणि उबुंटूच्या २२.०४ पासूनच्या आवृत्त्यांत ते आधीपासून बसवलेले नसते. २४.०४ मध्ये त्याच पॅकेजच्या नावाला शेवटी ‘टी६४’ जोडलेले आहे.

फाइल चालू लागली की तिला ‘डाउनलोड्स’मधून हलवून ‘होम’मध्ये एक कायमचे फोल्डर करून ठेवावी, कारण डाउनलोड्स साफ करणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात एक तरी असतो. नंतर ‘मेन मेन्यू’ नावाचे साधन उबुंटूच्या सॉफ्टवेअर भांडारातून बसवून त्यात ‘न्यू आयटम’ घ्यावा, नाव लिहावे आणि आज्ञेच्या जागी ती फाइल निवडावी. आता सुपर कळ, म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ, दाबून नाव टाइप केले की क्रिटा दिसेल. एवढा खटाटोप नको असेल तर सोपा मार्गही आहे : भांडारातच क्रिटा मिळते आणि तेथून बसवले की यादीत ती आपोआप येते. वर्गातील दहा संगणकांसाठी मी तोच मार्ग धरीन. मुलांना ‘चित्र’ या नावाने ती सापडावी असे वाटत असेल, तर त्याच मेन मेन्यूत तिचे नाव देवनागरीत लिहिण्यास काहीच आडकाठी नाही.

प्रश्न : म्हापशाहून लिहितो. एक प्रोग्रॅम कितीही टिचक्या मारल्या तरी उघडतच नाही, पण संगणक मंद होत जातो.

उत्तर : तो बहुधा आधीच चालू आहे. घड्याळाजवळील वर टोक असलेला छोटा बाण दाबून आत पाहावे. संदेशांचे आणि फायली साठवण्याचे कित्येक प्रोग्रॅम खिडकी बंद केली तरी तेथे जागे राहतात. तेथील चिन्हावर टिचकी मारली की खिडकी समोर येते. तेथेही नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये त्याचे नाव किती वेळा आले आहे ते पाहावे, त्यातील नोंदी ‘एंड टास्क’ने बंद कराव्यात आणि मग एकदाच टिचकी मारून धीर धरावा.

प्रश्न : माझी आई काणकोणला एकटी असते. तिला इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, मराठी पोथ्या मात्र ती रोज वाचते. संगणकावर तिला तीनच गोष्टी हव्या असतात : नातवंडांची छायाचित्रे, माझ्याशी पडद्यावर बोलणे आणि एक पोथी, जी पीडीएफ करून दिली आहे. दर वेळी फोनवरून ‘निळे चिन्ह दाब, ते नव्हे, दुसरे निळे’ असे सांगावे लागते. तिच्या हातून एखादे चिन्ह पुसले गेले, तर प्रोग्रॅम जाईल अशीही भीती वाटते.

उत्तर : भीती आधी घालवू. ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात वळलेला छोटा बाण असतो, तो शॉर्टकट. रस्त्याच्या तिठ्यावरची ‘मडगाव’ अशी पाटी कोणी उपटली, म्हणून मडगाव जागचे हलत नाही. पोथीची फाइल मात्र मूळ फाइल आहे. ती ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवून डेस्कटॉपवर तिचाही शॉर्टकटच ठेवावा.

पाटीवर काय लिहायचे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि आपल्या अडचणीचे उत्तर त्यातच आहे. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबल्या की एक छोटी चौकट उघडते. तीत रोमन लिपीत ‘शेल’, लगेच अपूर्णविराम आणि त्याला जोडून ‘ॲप्सफोल्डर’, मधे जागा न सोडता लिहून एंटर दाबावे. बसवलेल्या सर्व प्रोग्रॅमचे एकच फोल्डर समोर येते. हवा त्या प्रोग्रॅमवर उजवे बटण दाबून ‘क्रिएट शॉर्टकट’ निवडले, की तो डेस्कटॉपवर ठेवू का असे संगणक विचारतो. होकार द्यावा. त्यानंतर शॉर्टकट निवडून एफ२ ही कळ दाबावी, कळफलक मराठी करावा आणि नाव बदलावे. छायाचित्रांच्या प्रोग्रॅमला ‘नातवंडांचे फोटो’, बोलण्याच्या प्रोग्रॅमला आपले घरातले नाव आणि पोथीला पोथीचे. मग डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर उजवे बटण दाबून ‘व्ह्यू’मधून चिन्हे मोठी करावीत आणि या तिघांखेरीज इतर सर्व शॉर्टकट काढून टाकावेत.

हीच नावे स्टार्टच्या यादीतही हवी असतील, तर त्याच छोट्या चौकटीत ‘शेल’, अपूर्णविराम आणि ‘प्रोग्रॅम्स’ असे रोमन लिपीत लिहून उघडणाऱ्या फोल्डरमध्ये शॉर्टकटच्या प्रती ठेवाव्यात. नाव बदलल्याने प्रोग्रॅमच्या कामात काही फरक पडत नाही. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की कधी कधी ती स्वतःची इंग्रजी नावाची पाटी डेस्कटॉपवर पुन्हा आणून लावते आणि आई फोन करील की ‘चौथे एक निळे आले आहे’. तिला ते निवडून डिलीटची कळ दाबायला सांगावे.